पडद्यावर उरलेली सावली

बचत गटाचे हिशेब, अंगणवाडीच्या नोंदी, लेकरांचा अभ्यास, माहेरची खुशाली, हे सगळं आता हातातल्या मोबाईलवर चालतं. त्यामुळे मोबाईलचे प्रश्नही बायकांच्या बोलण्यात येतात. त्यातला एक प्रश्न आज आम्ही घेतला आहे. पांढरं पान उघडलं की त्यावर कीबोर्डच्या चौकटी फिकट दिसतात. वरच्या कडेला बॅटरीची खूण उमटून राहिलेली असते. फडक्याने पुसलं तरी ती जात नाही. मोबाईल बंद करून चालू केला तरी जात नाही. हे काय असतं, आणि कुणामुळे होतं?

दुकानात याला ‘बर्न-इन’ म्हणतात. बर्न म्हणजे जळणं, त्यामुळे पडदा भाजला अशीच समजूत होते. मग घरात विचारणा सुरू होते. चुलीजवळ ठेवला होतास का? काय दाबलंस? कुणाच्या हातात दिला होतास? घरात एकच चांगला मोबाईल असेल आणि तो बाईच्या हातात जास्त वेळ असेल, तर बोलणीही तिलाच खावी लागतात. म्हणून या सावलीचा इतिहास नीट माहीत असायला हवा. तो सव्वाशे वर्षांचा आहे. पडदे बदलत गेले, पण सावली बहुतेक प्रत्येक पिढीत पाठोपाठ आली.

सुरुवात करू आपल्या जुन्या डबा टीव्हीपासून. त्याच्या पोटात काचेची मोठी नळी असायची. तशी नळी १८९७ साली कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने स्ट्रासबुर्ग शहरात बनवली. ते शहर तेव्हा जर्मनीत होतं, आज फ्रान्समध्ये आहे. याच ब्राउन यांना १९०९ साली मार्कोनींच्या बरोबरीने नोबेल पारितोषिक मिळालं, ते मात्र बिनतारी संदेशाच्या कामासाठी. म्हणजे आज तुम्ही ऐकता तो रेडिओ आणि घरातला जुना टीव्ही, दोन्हींच्या इतिहासात हा एक माणूस आहे.

त्या नळीच्या काचेला आतून एक पूड लावलेली असते. तिला फॉस्फर म्हणतात. नळीच्या मागच्या टोकाकडून इलेक्ट्रॉनचा झोत येऊन या पुडीवर आदळतो आणि जिथे आदळतो तिथे उजेड पडतो. झोत वेगाने फिरत राहतो आणि आपल्याला चित्र दिसतं. आता एकाच जागी झोत रोज, तासन्‌तास आदळत राहिला तर तिथली पूड थकते. शेजारची पूड ताजी, इथली दमलेली. नवं चित्र आलं की दमलेल्या जागी ते फिकं उमटतं. सावली म्हणतात ती हीच.

मुंबईत दूरदर्शनचं केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. घरोघरी टीव्ही आले, चावडीवर आले. पण घरच्या टीव्हीवर अशी सावली फारशी कुणी पाहिली नसेल. कारण साधं आहे. टीव्हीवरचं चित्र सारखं हलतं. बातमी देणारी बाई जाते, गाणं येतं, गाण्यातला डोंगर जातो, शेतीचा कार्यक्रम येतो. पडद्याच्या सगळ्या भागाला साधारण सारखंच काम पडतं. शिवाय तेव्हा कार्यक्रम ठरावीक वेळच असायचे, बाकी वेळ टीव्ही बंदच असायचा.

सावली दिसायला लागली ती न हलणाऱ्या चित्रांच्या पडद्यांवर. १९८० साली जपानमध्ये पॅक-मॅन नावाचा खेळ निघाला. पैसे टाकून खेळायच्या यंत्रांवर तो जगभर गेला. त्यात चक्रव्यूहासारख्या वाटा असतात आणि त्या वाटा कधी बदलत नाहीत. यंत्र सकाळपासून रात्रीपर्यंत चालू. काही महिन्यांनी यंत्र बंद केलं तरी काचेवर त्या वाटा दिसत राहायच्या. बँकेच्या पैसे काढायच्या यंत्रांचं, विमानतळावरच्या वेळापत्रकाच्या पडद्यांचंही तेच झालं. ‘कार्ड घाला’ अशी सूचना वर्षानुवर्षं एकाच जागी झळकत राहिली आणि तिथेच रुतली.

मग टेबलावरचे संगणक आले. त्यांच्यावर अक्षरं असायची आणि काम करणारा माणूस चहाला गेला की ती तशीच थांबून राहायची. त्यावर जॉन सोचा या अमेरिकन माणसाने एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो डिसेंबर १९८३ मध्ये ‘सॉफ्टटॉक’ नावाच्या मासिकात छापून आला. तीन मिनिटं कुणी काही टाइप केलं नाही, की पडदा आपोआप काळा व्हायचा. पडदा वाचवणारा म्हणून त्याला ‘स्क्रीनसेव्हर’ हे नाव पडलं. पुढे १९८९ मध्ये ‘आफ्टर डार्क’ नावाचा संच निघाला. त्यात पंख फुटलेले पाव भाजायचे टोस्टर पडद्यावर उडत जायचे. लोकांना ती गंमत वाटली. पुढे तालुक्याच्या कचेरीत, शाळेत, बँकेत संगणकावर रंगीत नळ्या किंवा पोहणारे मासे आपण पाहिले, ते याच घराण्यातले. ती शोभा दिसत असली, तरी मुळात पुडीचा एकच भाग थकू नये म्हणून केलेली ती सोय होती.

यानंतर आला सपाट पडदा, एलसीडी. याची गोष्ट गाजरापासून सुरू होते. १८८८ साली प्राग शहरात फ्रीडरिश राइनिट्झर नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून काढलेल्या एका पदार्थावर काम करत होते. तो पदार्थ त्यांनी तापवला. सुमारे १४५ अंशांना तो वितळला, पण गढूळ राहिला. आणखी तापवून सुमारे १७८ अंशांना गेल्यावर तो एकदम स्वच्छ झाला. एकच पदार्थ दोनदा वितळल्यासारखा वागला. मधल्या गढूळ अवस्थेत तो तुपासारखा वाहतही होता आणि खडीसाखरेच्या कणांसारखी त्याची आतली रचनाही टिकून होती. अशा पदार्थांना द्रवस्फटिक म्हणतात. असे कण विजेने वळवता येतात, हे पुढे कळलं आणि त्यातून घड्याळांचे, कॅल्क्युलेटरचे आणि मग मोबाईलचे पडदे झाले.

एलसीडी पडद्यात मागे एक दिवा असतो. पुढचे द्रवस्फटिक फक्त खिडकीच्या झडपांसारखं काम करतात. उजेड किती सोडायचा आणि किती अडवायचा, एवढंच ते ठरवतात. उजेड देण्याचं काम त्यांचं नाही. म्हणून ते फॉस्फरसारखे थकत नाहीत. एकच चित्र फार वेळ ठेवलं तर झडपा थोडा वेळ अडकल्यासारख्या होतात आणि फिकट छाया राहते, पण बहुतेक वेळा ती काही वेळाने आपोआप जाते. आपले पहिले बटणांचे मोबाईल याच जातीचे होते. आजचे कमी किमतीचे अनेक स्मार्टफोनही एलसीडीच असतात. म्हणून कुणी म्हणेल, माझ्या जुन्या फोनला हा त्रास कधी झाला नाही. तिचं म्हणणं खरं आहे.

मधल्या काळात मोठ्या टीव्हींसाठी प्लाझ्मा पडदे आले. त्यांचा शोध १९६४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात लागला, तोही मुलांना संगणकावर शिकवायच्या एका प्रकल्पासाठी. त्यात पुन्हा फॉस्फरची पूड होती. चोवीस तास चालणाऱ्या वाहिन्या आल्या, त्यांची खूण पडद्याच्या कोपऱ्यात कायमची बसली आणि बातम्यांची पट्टी खाली कायमची पळू लागली. ज्या घरात आणि हॉटेलात एकच वाहिनी लावलेली असे, तिथे ती खूण पडद्यात रुतली.

आता येऊ आपल्या मोबाईलकडे. चांगल्या म्हणवणाऱ्या बऱ्याच मोबाईलच्या खोक्यावर ‘ॲमोलेड’ किंवा ‘ओलेड’ लिहिलेलं असतं. हा पडदा ज्यांच्यामुळे आला ते चिंग तांग हाँगकाँगमध्ये जन्मलेले. अमेरिकेत रॉचेस्टर इथल्या कोडॅक कंपनीत ते १९७५ मध्ये लागले. कोडॅक म्हणजे फोटोची फिल्म करणारी कंपनी. लग्नाचे जुने फोटो ज्या फिल्मवर निघाले त्यात कोडॅकचा वाटा मोठा होता. तांग आणि त्यांचे सहकारी स्टीव्हन व्हॅनस्लाइक यांनी कार्बनी पदार्थांचे दोन थर एकावर एक चढवले. ते थर इतके पातळ होते की दोन्ही मिळून केसाच्या जाडीच्या शेकडो पटींनी कमी भरतील. त्यातून वीज सोडली तर हिरवा उजेड पडला, आणि त्यासाठी दहा व्होल्टपेक्षा कमी वीज पुरली. १९८७ मध्ये त्यांनी हे छापून प्रसिद्ध केलं. ओलेड पडद्याचा व्यवहारातला इतिहास तिथून सुरू होतो.

‘ओलेड’ या नावातलं पहिलं अक्षर ‘ऑरगॅनिक’ या शब्दाचं आहे. आपण सेंद्रिय खत, सेंद्रिय भाजी म्हणतो, तोच हा शब्द. पण इथे त्याचा अर्थ शेणखताशी जोडायचा नाही. कार्बनच्या संयुगांपासून बनलेले पदार्थ, एवढाच अर्थ. मात्र एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. असे पदार्थ नाजूक असतात. ओल आणि हवेतला प्राणवायू त्यांना सोसत नाही, म्हणून ते काचेखाली किंवा खास थराखाली घट्ट बंद करून ठेवावे लागतात. आणि उजेड देता देता ते स्वतः झिजतात.

बाजारात हा पडदा हळूहळू आला. १९९७ मध्ये जपानच्या पायोनियर कंपनीने गाडीतल्या रेडिओला तो लावला. २००३ मध्ये कोडॅकने अशा पडद्याचा कॅमेरा विकायला काढला. २००७ मध्ये सोनीने पहिला ओलेड टीव्ही आणला, फक्त ११ इंचांचा, शाळेच्या पाटीएवढा, आणि जपानमध्ये त्याची किंमत होती दोन लाख येन. २००९ च्या अखेरीला कोडॅकने आपला हा सगळा व्यवसाय कोरियाच्या एलजीला विकून टाकला. २०१० मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस या मोबाईलने असा पडदा लोकांच्या हातात पोचवला. ज्या कंपनीत शोध लागला ती कोडॅक कंपनी जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली. शोध एकाचा आणि सुगी दुसऱ्याची, हे कारखान्यांच्या जगातही होतं.

या पडद्याची खुबी अशी, की मागे दिवा नसतो. पडद्यावर लाखो बारीक ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपका स्वतःच एक दिवा असतो. लाल, हिरवा आणि निळा, असे तीन रंगांचे दिवे मिळून सगळे रंग होतात. काळा रंग दाखवायचा तर तो दिवा चक्क विझतो. म्हणून काळं खरोखर काळं दिसतं, रंग खुलून दिसतात, पडदा पातळ होतो आणि बॅटरीही वाचते. दिवाळीला अंगणात शेकडो पणत्या लावल्या आणि प्रत्येक पणतीत वेगळं तेल असलं, तर जी पणती जास्त वेळ आणि मोठ्या वातीने जळते तिचं तेल आधी संपतं. पडद्याचंही असंच. कीबोर्डच्या जागचे दिवे रोज तीन तास झळकले तर वर्षाला हजार तासांवर काम होतं. शेजारचे दिवे तेवढे वापरलेच गेले नाहीत. मग पूर्ण पांढरं पान उघडलं की वापरलेली जागा मंद दिसते आणि न वापरलेली उजळ.

म्हणून आम्हाला वाटतं, या प्रकाराला ‘जळणं’ म्हणण्यापेक्षा आपला ‘विटणं’ हा शब्द जास्त बरोबर आहे. दोरीवर एकाच घडीने साडी रोज उन्हात राहिली की घडीच्या वरचा भाग विटतो. भिंतीवर वर्षभर टांगलेलं कॅलेंडर काढलं की मागे ताज्या रंगाचा चौकोन दिसतो, कारण बाकी भिंत विटलेली असते. साडी कुणी जाळलेली नसते आणि भिंतही कुणी खराब केलेली नसते. फक्त सगळीकडे झीज सारखी झालेली नसते. मोबाईलच्या पडद्यावर दिसते ती अशीच कमीजास्त झालेली झीज.

तीन रंगांत सगळ्यात लवकर थकतो निळा. निळ्या प्रकाशाच्या प्रत्येक कणात लाल किंवा हिरव्यापेक्षा जास्त ऊर्जा असते. ती ऊर्जा पेलताना त्या पदार्थाचे आतले सांधे तुटतात. १९९८ मध्ये अमेरिकेत स्टीफन फॉरेस्ट आणि मार्क थॉम्पसन यांच्या गटाने विजेचा फार चांगला वापर करणारे नवे पदार्थ दाखवले. पुढे लाल आणि हिरव्या दिव्यांना ते लागू पडले. निळा मात्र मागे राहिला. टिकाऊ निळ्याचा शोध घेण्यात कारखान्यांची कित्येक वर्षं गेली आहेत. निळा मंदावला की ती जागा पिवळट किंवा तांबूस दिसायला लागते. तुमच्या पडद्यावरचा डाग पिवळट असेल तर त्याचं कारण हे आहे.

या अडचणीवर काम करणाऱ्यांत एका बाईचं नाव घ्यायला हवं. कँडिस ब्राउन एलियट या अमेरिकन संशोधक. माणसाच्या डोळ्याला हिरव्यातले बारकावे जास्त कळतात आणि निळ्यातले कमी, या गोष्टीवर त्यांनी ठिपक्यांची एक वेगळी मांडणी उभी केली. तिला ‘पेनटाइल’ म्हणतात. हिरवे दिवे जास्त, निळे आणि लाल कमी. संख्या कमी असली की प्रत्येक निळा दिवा आकाराने मोठा करता येतो. मोठा दिवा मंद वातीवरही पुरेसा उजेड देतो, म्हणून तो जास्त टिकतो. २००८ मध्ये सॅमसंगने हे काम विकत घेतलं आणि पुढे कोट्यवधी मोबाईलमध्ये ही मांडणी गेली.

दुसरे उपाय सॉफ्टवेअरचे झाले. बंद पडद्यावर दिसणारं घड्याळ दर थोड्या वेळाने किंचित सरकतं, म्हणजे तेच तेच दिवे वापरले जात नाहीत. न हलणारी बटणं काही वेळाने मंद होतात. २०१९ मध्ये अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत सगळा पडदा काळ्या रंगावर आणायची सोय आली, तिला ‘डार्क मोड’ म्हणतात. तिचा एक फायदा असा, की बहुतेक दिवे विझलेले राहतात. २०२४ मध्ये ॲपलच्या आयपॅडमध्ये उजेडाचे दोन थर एकावर एक आले. जड हंडा दोघींनी मिळून उचलला की एकीच्या कमरेवर भार येत नाही, तसा दोन थरांत भार वाटला जातो.

पण इतिहासातला आपल्या कामाचा प्रसंग २०१७ सालचा आहे. त्या ऑक्टोबरमध्ये गूगलचा पिक्सेल २ एक्सएल हा महागडा मोबाईल विक्रीला आला आणि थोड्याच दिवसांत लोकांनी तक्रार केली, की खालच्या बटणांची सावली पडद्यावर राहते आहे. कंपनीने तपास केला आणि म्हटलं, की अशा पडद्यांची झीज होतेच, आमच्या पडद्याची झीज इतर महागड्या मोबाईलसारखीच आहे. लोकांचा आवाज थांबला नाही. मग त्याच महिन्यात कंपनीने वॉरंटी दोन वर्षांची केली, आणि बटणं आपोआप मंद होतील असा बदल पाठवणार असल्याचं जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात ॲपलचा पहिला ओलेड आयफोन आला. त्याच्या माहितीत कंपनीने आधीच लिहून टाकलं, की दीर्घ वापराने अशी छाया दिसू शकते आणि ते अपेक्षितच आहे.

या दोन गोष्टींतून आपण दोन धडे घेऊ. पहिला धडा, जगातल्या मोठ्या कंपन्यांनीच मान्य केलं आहे, की ही झीज या पदार्थाचा स्वभाव आहे. काम केल्याने पडदा झिजतो. ज्या बाईने त्यावर रोज नोंदी केल्या तिने काही बिघडवलं, असा त्याचा अर्थ होत नाही. दुसरा धडा, झीज आणि दोष यांच्यातली रेघ कंपनी एकटी ठरवत नाही. गिऱ्हाइकांनी लावून धरलं तर ती रेघ सरकते. वर्षानुवर्षांच्या वापरानंतर आलेली सावली वेगळी, आणि नव्या मोबाईलवर थोड्या दिवसांत आलेली सावली वेगळी. दुसऱ्या बाबतीत पावती घेऊन दुकानात जावं, कंपनीच्या सेवा केंद्राकडून उत्तर लेखी मागावं, आणि ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करावी. पावती आणि वॉरंटीचा कागद जपून ठेवला असेल तरच हे जमतं.

कंपन्या पडद्याचं आयुष्य तासांत सांगतात, त्याबद्दलही थोडं. सोनीने आपल्या त्या पहिल्या टीव्हीला ३०,००० तास सांगितले होते. रोज आठ तास धरले तर दहा वर्षं होतात. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण आयुष्य म्हणजे उजेड निम्म्यावर येईपर्यंतचा काळ, असं या धंद्यात धरतात. सावली त्याच्या कितीतरी आधी दिसते. सगळा पडदा सारखा मंदावला तर डोळ्याला कळतही नाही. शेजारशेजारच्या दोन जागांत थोडासा फरक पडला की तो लगेच दिसतो. नव्या आणि धुतलेल्या कापडाचे तुकडे शेजारी ठेवले की फरक कळतो, तसंच.

आता तुमच्या हातातला मोबाईल कसा तपासायचा ते सांगतो. पडदा कोणत्या जातीचा आहे हे आधी बघा. रात्री अंधाऱ्या खोलीत पूर्ण काळं चित्र उघडा आणि उजेड वाढवा. काळ्यातून राखाडी झाक दिसली तर एलसीडी. पडदा बंद असल्यासारखा काळाकुट्ट राहिला तर ओलेड.

मग पूर्ण पांढरं चित्र उघडा, त्यानंतर राखाडी, लाल, हिरवं आणि निळं. सावली दिसली तर त्याच क्षणी स्क्रीनशॉट काढा आणि तो दुसरीच्या मोबाईलवर पाठवा. तिथेही सावली दिसली तर पडदा चांगला आहे, गडबड ॲपमध्ये आहे. तिथे दिसली नाही तर सावली तुमच्या पडद्याची आहे. स्क्रीनशॉट म्हणजे मोबाईलच्या मनातलं चित्र, काचेवरचा डाग त्यात येत नाही.

यानंतर मोबाईल तासभर बंद ठेवा. एकच चित्र फार वेळ राहिल्याने तात्पुरती छाया पडली असेल तर ती गेलेली असेल. तरीही राहिली, दुसऱ्या दिवशीही राहिली, तर ती कायमची. कायमच्या सावलीला औषध नाही. डाग घालवून देतो म्हणणारी ॲप आणि व्हिडिओ पडद्यावर तासन्‌तास रंग चमकवतात. त्याने विटलेली जागा ताजी होत नाही. झालाच परिणाम तर उरलेली जागाही विटून फरक कमी दिसतो. आहे ते तेल जाळण्यासारखंच ते. त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. डाग सोसवत नसेल तर पडदा बदलणं एवढाच मार्ग, आणि ओलेड पडदा महाग असतो, म्हणून आधी किंमत विचारून घ्या.

जुना मोबाईल विकत घेताना ही तपासणी दुकानातच करा. गटाच्या पैशातून घेत असाल तर नक्कीच करा. दुकानात मांडून ठेवलेला नमुन्याचा मोबाईल स्वस्तात देऊ केला तर जास्त सावध राहा. तो दिवसभर पूर्ण उजेडात, एकच जाहिरात दाखवत उभा असतो.

आणि जपायचं कसं? उजेड गरजेपुरता ठेवा. पडदा तीस सेकंदांत आपोआप बंद होईल असं लावून ठेवा. डार्क मोड आणि काळा कीबोर्ड लावा. भर उन्हात बांधावर किंवा गाडीच्या काचेमागे मोबाईल चालू ठेवू नका, कारण उष्णतेने झीज वाढते. आठवडी बाजारात किंवा दुकानात बसणाऱ्या मैत्रिणींना आमचं खास सांगणं आहे. पैसे घ्यायचा क्यूआर कोड मोबाईलच्या पडद्यावर दिवसभर उघडा ठेवू नका. ते काळेपांढरे चौकोन न हलणारं चित्र आहे. कोड कागदावर छापून घ्या, प्लास्टिकमध्ये घाला आणि टोपलीला बांधा. मोबाईल पिशवीत राहू द्या.

एवढं करूनही चार वर्षांनी थोडी सावली आली तर ती वापराची खूण समजा. त्या सावलीने फोन लागायचा थांबत नाही, नोंदीही होतात. घासलेलं जातं आपण टाकी लावून पुन्हा वापरायचो. या पडद्याला टाकी लावता येत नाही, पण काम चालत असेल तर तो फेकून द्यायचंही कारण नाही.

पुढच्या बैठकीत गटातल्या दहा मोबाईलवर पांढरं चित्र उघडून बघा. कुणाचा पडदा एलसीडी आहे, कुणाचा ओलेड, कुठे तात्पुरती छाया आहे आणि कुठे कायमची, हे वहीत लिहून ठेवा. वर्षभराने पुन्हा तपासा आणि काय बदल झाला ते आम्हाला कळवा. ते आम्ही पुढच्या एखाद्या कार्यक्रमात वाचून दाखवू. आज इथेच थांबतो. नमस्कार.